विद्यार्थी माहिती प्रणाली आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांची सज्जता : पेडणे व डिचोली तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

उच्च शिक्षणाविषयी जी चर्चा होते ती बहुतांशी विद्यार्थी, प्राध्यापक आणि अभ्यासक्रम या तीन घटकांभोवती फिरत असते. कार्यालयाच्या खिडकीमागे बसणारा लिपिक या चर्चेत क्वचितच येतो. वास्तविक विद्यार्थ्याचा महाविद्यालयाशी पहिला संबंध या खिडकीवर येतो आणि शेवटचाही येथेच येतो. प्रवेश अर्ज, शुल्काची पावती, बोनाफाईड दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जावरील सही-शिक्का, परीक्षेचे हॉल तिकीट, गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला ही सारी कागदपत्रे याच खिडकीतून बाहेर पडतात. एकही तास न बुडविणारा विद्यार्थी असो वा वर्षभर न फिरकणारा, खिडकी कोणालाच चुकत नाही.

या खिडकीमागील काम आता संगणकीय विद्यार्थी माहिती प्रणालीकडे गेले आहे. प्रवेशापासून पदवीपर्यंत विद्यार्थ्याविषयीची सर्व माहिती एकाच ठिकाणी नोंदवून ती प्रवेश, लेखा, परीक्षा व शिष्यवृत्ती या विभागांना एकाच वेळी उपलब्ध करून देणारी व्यवस्था म्हणजे विद्यार्थी माहिती प्रणाली होय. अशी प्रणाली विकत घेता येते, शासनाकडून मिळू शकते किंवा विद्यापीठ ती स्वतः तयार करवून घेऊ शकते. ती चालविणारी माणसे मात्र तयारच करावी लागतात. त्यासाठी लागणारा वेळ व खर्च निविदेच्या कागदात सहसा एका ओळीत उरकलेला असतो : "पुरवठादार कर्मचाऱ्यांना आवश्यक ते प्रशिक्षण देईल." या एका ओळीत काय काय सामावलेले असते, किंवा असायला हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात गोव्यातील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांच्या परिस्थितीच्या अनुषंगाने केला आहे.

पार्श्वभूमी

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर सुरू झालेली महाविद्यालये सुमारे दोन तपे मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. १९८४ च्या कायद्यान्वये गोवा विद्यापीठ अस्तित्वात आले आणि १९८५ पासून त्याचा कारभार सुरू झाला. त्यामुळे गोव्यातील महाविद्यालयांच्या कार्यालयीन पद्धतीवर, रजिस्टरांच्या रकान्यांपासून अर्जांच्या भाषेपर्यंत, मुंबईचा ठसा राहिला. १९८५ पूर्वीच्या पदवीधरांच्या मूळ नोंदी आजही मुंबई विद्यापीठाच्या आहेत, ही गोष्ट नव्या लिपिकाला बहुधा कोणी सांगत नाही. एखादे निवृत्त गृहस्थ जुन्या गुणपत्रिकेच्या पडताळणीसाठी आले म्हणजे तिचा उलगडा होतो.

पेडणे तालुक्यात विर्नोडा येथे संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय कला व वाणिज्य महाविद्यालय आहे. तालुक्याशी नाते सांगणाऱ्या अठराव्या शतकातील संतकवीचे नाव त्याला दिलेले आहे. डिचोली येथे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय हे खासगी व्यवस्थापनाचे अनुदानित महाविद्यालय असून त्याच तालुक्यात साखळी येथे शासकीय कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. दोन्ही तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. पेडण्याच्या उत्तरेस सावंतवाडी, डिचोलीच्या पुढे दोडामार्ग. सीमा ओलांडून नातीगोती, नोकरी आणि शिक्षण हे सारे चालूच असते. याचा माहिती प्रणालीशी काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. तो संबंध पुढे येईल.

कामाचे बदललेले स्वरूप

वार्षिक परीक्षेच्या काळात एका विद्यार्थ्याची वर्षभराची नोंद जनरल रजिस्टरच्या एका आडव्या ओळीत मावत असे. विषय ठरलेले, वर्ग ठरलेला, निकाल वर्षातून एकदा. सत्र पद्धतीने ही ओळ दुप्पट झाली. २०१७-१८ पासून गोवा विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमांत श्रेयांक व निवडीवर आधारित पद्धत आली आणि प्रत्येक विषयाला श्रेयांक, सत्रांतर्गत मूल्यमापन व सत्रांत मूल्यमापन अशा स्वतंत्र नोंदी जोडल्या गेल्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना लागू झाल्यावर तर ओळीची कल्पनाच मोडीत निघाली. मुख्य विषय, गौण विषय, बहुविद्याशाखीय विषय, क्षमतावर्धक विषय, कौशल्यवर्धक विषय, मूल्यवर्धक विषय अशा गटांतून एकाच वर्गातील दोन शेजारी बसणारे विद्यार्थी वेगवेगळे विषय घेऊ शकतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० व चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. ४० श्रेयांक मिळवून आणि उन्हाळ्यात चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची व पुढे परत येण्याचीही सोय या रचनेत आहे.

म्हणजे पूर्वी लिपिकाला "हा विद्यार्थी कोणत्या वर्गात आहे?" एवढे माहीत असले की भागत होते. आता "या विद्यार्थ्याने आजवर कोणते श्रेयांक, कोणत्या गटात, कोठे मिळविले?" हे सांगावे लागते.

याच्या जोडीला विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये विनियम करून शैक्षणिक श्रेयांक पेढी स्थापन केली. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा अंकी ओळख क्रमांक असतो आणि त्या खात्यात श्रेयांक जमा होतात. हे श्रेयांक विद्यार्थी स्वतः जमा करू शकत नाही. ते काम संस्थेचे आहे. बँकेत पैसे भरले नाहीत तर खातेदार दुसऱ्या दिवशी विचारायला येतो. श्रेयांक जमा झाले नाहीत हे विद्यार्थ्याला कळते ते तो दुसऱ्या राज्यात प्रवेश घ्यायला गेल्यावर, आणि तोपर्यंत नोंद करणाऱ्या लिपिकाची बदली झालेली असते. याशिवाय अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे वार्षिक प्रपत्र, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरील छाननी, राज्य संचालनालयाची विवरणपत्रे आणि नॅकसाठीची आकडेवारी हेही त्याच दोन-तीन टेबलांवर येते. प्रत्येकाचे पोर्टल निराळे, पासवर्ड निराळा आणि अंतिम तारीख बहुधा एकच.

मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा धडा

प्रशिक्षणाला वेळ न देता प्रणाली लादली तर काय घडते याचे ठळक उदाहरण शेजारच्या मुंबई विद्यापीठात २०१७ साली दिसले. सिंधुदुर्ग जिल्हा त्या विद्यापीठाच्या कक्षेत येत असल्याने सीमेवरील कुटुंबांना ते जवळून अनुभवायला मिळाले. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षांच्या हंगामात अमलात आला. तंत्रज्ञान नवीन नव्हते, इतरत्र ते वापरात होते. उत्तरपत्रिका स्कॅन करणे, त्यांना बारकोड लावणे, योग्य विषयाच्या परीक्षकाकडे त्या पोहोचविणे आणि हजारो प्राध्यापकांना पडद्यावर तपासणीची सवय लावणे या गोष्टी मात्र परीक्षा संपल्यावर, निकालाच्या मुदतीच्या आत, एकाच वेळी करण्याचे ठरले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही वेळेवर सापडल्या नाहीत, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले आणि परराज्यात वा परदेशात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांच्या संधी हुकल्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाची चर्चा मुख्यतः कंत्राट व कुलगुरू यांच्याभोवती झाली. प्रशिक्षणाच्या दृष्टीने त्यातील बोध वेगळा आहे. प्राध्यापकाला पडद्यावर गुण कसे द्यावेत हे एका तासात शिकविता येते. बारकोड चुकला आहे, उत्तरपत्रिका दुसऱ्याच विषयाची आली आहे, पुरवणीची पाने दिसत नाहीत, अशा वेळी कोणाला कळवायचे आणि तोवर काय करायचे, हे त्या एका तासात येत नाही. नेहमीच्या कामाचे प्रशिक्षण सोपे असते. प्रणालीची कसोटी अपवादांवर लागते आणि अपवाद ओळखणारा माणूस हा जुना, अनुभवी कर्मचारीच असतो. नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणातून नेमका तोच, "संगणकाची सवय नाही" या सबबीवर, वगळला जातो.

नावाचा प्रश्न

विद्यार्थी माहिती प्रणालीतील सर्वांत साधा रकाना म्हणजे विद्यार्थ्याचे नाव, आणि सर्वाधिक चुका त्यातच होतात. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ या एका विषयाला दिला तरी तो वाया जाणार नाही.

अडचण समजून घेण्यासाठी तीन कागद शेजारी ठेवून पाहावेत. महाराष्ट्राच्या परीक्षा मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव प्रथम, मग विद्यार्थ्याचे नाव, मग वडिलांचे नाव असते. आधार कार्डावर संपूर्ण नाव एकाच रकान्यात, बहुधा स्वतःच्या नावापासून सुरू होते. महाविद्यालयाच्या अर्जात पहिले नाव, मधले नाव व आडनाव असे तीन स्वतंत्र रकाने असतात. सावंतवाडीकडून आलेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका समोर ठेवून लिपिकाने डावीकडून उजवीकडे टंकलेखन केले की आडनाव हेच पहिले नाव होऊन बसते. श्रेयांक पेढीचे खाते आधारशी जोडलेले असते. दोन ठिकाणची नावे जुळली नाहीत की नोंद अडकते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. पोर्तुगीज अमदानीत नावे रोमी लिपीत, पोर्तुगीज उच्चारपद्धतीने लिहिली गेली. जन्मनोंदीत एक वर्णलेखन, शाळेत दुसरे, आधारवर तिसरे अशी स्थिती अनेक घराण्यांत आहे. नाईक, गांवकर, सावंत, शेट अशी नेहमीची आडनावेदेखील रोमी लिपीत दोन-तीन प्रकारे लिहिलेली आढळतात. 'श' या उच्चारासाठी पोर्तुगीज लेखनात एक्स हे अक्षर येते. त्यामुळे जुन्या नोंदीतील 'शेख' हे आडनाव आजच्या इंग्रजी लेखनाशी जुळत नाही आणि एकाच कुटुंबातील आजोबा, वडील व नातू यांचे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले दिसते. संगणकाच्या दृष्टीने ही तीन वेगळी घराणी होत.

मुस्लिम नावांच्या बाबतीत 'आडनाव' या रकान्याचाच घोटाळा होतो. शेख, सय्यद ही पदे काही घरांत नावाच्या आधी तर काही घरांत शेवटी लिहितात. 'मोहम्मद' हे कोठे पूर्ण तर कोठे दोन-तीन अक्षरी संक्षेपात लिहिले जाते. काही विद्यार्थ्यांना रूढ अर्थाने आडनावच नसते. वडिलांचे नाव तेच शेवटी येते. रकाना मात्र सक्तीचा असतो, तो भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. मग लिपिक तेथे एखादे टिंब देतो, नाव पुन्हा लिहितो किंवा स्वतःच्या अंदाजाने विभागणी करतो. त्या क्षणी ते काम झाल्यासारखे वाटते. तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्रावर ते टिंब छापून येते. ख्रिस्ती नावांतील 'डि' वा 'दा' हे पद स्वतंत्र शब्द मानायचे की आडनावाला जोडायचे, आणि विवाहानंतर विद्यार्थिनीचे नाव बदलल्यास आधीच्या सत्रांच्या नोंदींचे काय करायचे, हे प्रश्नही याच जातीचे आहेत.

यावर प्रशिक्षणात शिकविण्याचा नियम एकच आहे आणि तो संगणकाचा नाही : नाव सुधारणे हे लिपिकाचे काम नव्हे. कोणता दस्तऐवज प्रमाण मानायचा हे विद्यापीठाने ठरवून द्यावे आणि लिपिकाने त्यातील अक्षरे जशीच्या तशी उतरवावीत, ती चुकीची वाटली तरीही. गोव्यात नाव वा आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याची रीतसर प्रक्रिया आहे. ती पूर्ण करून आलेल्यालाच बदल करून द्यायचा असतो. तीन कागदांवर तीन नावे असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या वेळीच हे सांगितले तर त्याच्या हाती दुरुस्तीसाठी तीन वर्षे असतात. शेवटच्या सत्रात सांगितले तर नोकरीच्या मुलाखतीची तारीख आणि दुरुस्तीच्या अर्जाची तारीख यांची गाठ पडते.

गावाच्या नावाचेही असेच आहे. पेडणे तालुक्यात समुद्रकाठी केरी आहे, सत्तरी तालुक्यात केरी आहे आणि फोंड्यातही केरी आहे. पेडणे, डिचोली, साखळी ही नावे रोमी लिपीत ज्या रूपात लिहितात ती उच्चाराशी जुळत नाहीत, हे बाहेरून आलेल्या पुरवठादाराच्या तंत्रज्ञाला माहीत नसते. गावाचे नाव मोकळ्या रकान्यात टंकलिखित करू न देता तालुका निवडल्यावर गावांची यादी उघडावी, ही साधी सूचना स्थानिक लिपिकच करू शकतो. प्रणाली तयार होत असताना त्याला कोणी विचारले तर.

तक्त्यातील धोके

प्रणाली कितीही आधुनिक असली तरी महाविद्यालयातील माहिती प्रथम एक्सेलच्या तक्त्यात गोळा होते आणि मग ती चढविली जाते. हा मधला टप्पा अधिकृत पुस्तिकेत नसतो, त्यामुळे तो शिकविलाही जात नाही. एक्सेल कोणत्याही संख्येचे केवळ पंधरा अंक अचूक ठेवते. मुंबई विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक सोळा अंकी असतो. सिंधुदुर्गातील महाविद्यालयातून गोव्यात आलेल्या विद्यार्थ्याचा हा क्रमांक रकान्याचे स्वरूप 'मजकूर' असे न ठरविता भरला तर शेवटचा अंक आपोआप शून्य होतो. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. बारा अंकी क्रमांक साध्या रकान्यात घातांकाच्या रूपात दिसू लागतो आणि तसाच पुढे चिकटविला जातो. शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातील पहिले शून्य नाहीसे होते. दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहिलेली जन्मतारीख अमेरिकी पद्धतीच्या संगणकावर महिना-दिवस-वर्ष अशी वाचली जाते. ५ ऑगस्टला जन्मलेली मुलगी ८ मेची होते. बारा तारखेनंतर जन्मलेल्यांची नोंद संगणक नाकारतो, म्हणून ती चूक सापडते. त्याआधी जन्मलेल्यांची चूक मुकाट्याने राहते.

गुणांच्या तक्त्यातील सर्वांत महत्त्वाचा भेद शून्य आणि गैरहजर यांमधील. परीक्षेस बसून शून्य गुण मिळविणे आणि परीक्षेस न बसणे यांचे नियमांनुसार परिणाम वेगळे असू शकतात. रिकामा रकाना म्हणजे तिसरीच गोष्ट : गुण अद्याप आलेले नाहीत. घाईत तिन्ही ठिकाणी शून्य पडते. ही चूक तंत्रज्ञाच्या लक्षात येणे शक्य नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तक्ता पूर्ण व निर्दोष असतो.

जुन्या देवनागरी दस्तऐवजांचा प्रश्न थोडक्यात सांगता येईल. २००० च्या दशकात कार्यालयांनी श्री-लिपी वा तत्सम फाँटमध्ये तयार केलेला मराठी व कोंकणी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय नव्या प्रणालीत वाचता येत नाही. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार तपासावेच लागतात.

शासकीय आणि अनुदानित : दोन वेगळ्या अडचणी

विर्नोडा व साखळी येथील महाविद्यालये शासकीय आहेत. तेथील लिपिकवर्ग राज्य शासनाच्या सेवेतील असल्याने बदलीस पात्र असतो. आज महाविद्यालयात असलेला उद्या एखाद्या सर्वस्वी वेगळ्या खात्यात जाऊ शकतो. अशा ठिकाणी व्यक्तीला दिलेले प्रशिक्षण व्यक्तीबरोबर निघून जाते. अनुदानित महाविद्यालयात परिस्थिती उलट असते. कर्मचारी एकाच संस्थेत अनेक वर्षे राहतो, त्याला प्रत्येक विद्यार्थ्याची कुंडली तोंडपाठ असते, परंतु तो रजेवर गेला की खिडकी बंद. पहिल्या ठिकाणी ज्ञान टिकत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी ते वाटले जात नाही. एकाच परिपत्रकाने, एकाच नमुन्याची तीन दिवसांची कार्यशाळा दोन्ही ठिकाणी घेणे म्हणूनच व्यर्थ आहे.

शासकीय महाविद्यालयांसाठी भर लेखी कार्यपद्धतीवर असावा. प्रत्येक कामाची एक पानाची टिपण, ती कोंकणी वा मराठीत, पडद्यावरील इंग्रजी शब्द मात्र जसेच्या तसे देवनागरीत लिहिलेले : "सबमिट दाबण्यापूर्वी ड्राफ्ट छापून घ्यावा" अशा धर्तीची. अनुदानित ठिकाणी प्रत्येक कामाला एक मुख्य व एक पर्यायी माणूस ठरवून महिन्यातून एक दिवस पर्यायी माणसाने ते काम प्रत्यक्ष करावे, एवढे पुरेसे आहे.

कार्यभार हस्तांतरणाची यादी हाही येथे विचारात घेण्याजोगा विषय आहे. बदली झालेला कर्मचारी कपाटांच्या किल्ल्या, शिक्के, रजिस्टरे, पावती पुस्तके यांची यादी करून सही घेतो. या यादीत पोर्टलांचे लॉगिन, त्यांना जोडलेला मोबाईल क्रमांक व ई-मेल यांना जागा नसते. परिणामी ओटीपी मागील वर्षी बदलून गेलेल्या माणसाच्या फोनवर येतो आणि दहा मिनिटांच्या मुदतीत त्याला फोन लावण्याची धांदल उडते. यादीच्या छापील नमुन्यात एक रकाना वाढविला तर हा प्रश्न कोणत्याही खर्चाशिवाय सुटतो.

प्रशिक्षण कोणी, केव्हा व कसे द्यावे

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये सुरू झाली. नावात 'कर्मचारी' असले तरी ती मुख्यतः प्राध्यापकांसाठी राहिली. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रे झाली व २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. गोवा विद्यापीठातही असे केंद्र आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथील गोवा लोकप्रशासन व ग्रामीण विकास संस्था शासकीय सेवकांना प्रशिक्षण देते, पण तेथील विषय साहजिकच सर्व खात्यांना समान असतात. श्रेयांक, पात्रता, सत्रांत मूल्यमापन या महाविद्यालयीन बाबी तेथे शिकविल्या जाव्यात अशी अपेक्षा करणे योग्य होणार नाही. विद्यापीठाचा परीक्षा विभाग व हे केंद्र यांनी एकत्र येऊन लिपिकांसाठी अभ्यासक्रम आखणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

वेळेचा प्रश्न अवघड आहे. जूनमध्ये प्रवेश, त्यानंतर विषयांची नोंदणी, मग चतुर्थीची सुटी, शिष्यवृत्तीच्या तारखा, सत्रांत परीक्षा. महाविद्यालयाच्या कार्यालयाला मोकळा महिना असा नसतो. सलग तीन दिवस दोघांना ताळगावला बोलावले तर पेडण्याची खिडकी तीन दिवस अर्धी बंद राहते. त्यापेक्षा आठवड्यातून दोन तास, महाविद्यालयातच, त्या आठवड्यात प्रत्यक्ष करावयाच्या कामावर आधारित प्रशिक्षण अधिक उपयोगी पडते. हॉल तिकिटाचे प्रशिक्षण जूनमध्ये घेतले तर ऑक्टोबरपर्यंत ते विसरले जाते. दोन-तीन शेजारच्या महाविद्यालयांतून एक जाणकार कर्मचारी निवडून त्याला अडचणीच्या वेळी फोनवर उपलब्ध राहण्याची जबाबदारी व त्याबद्दल मानधन द्यावे. असे कर्मचारी आजही आहेत. फरक एवढाच की ते हे काम फुकट व अनधिकृतपणे करतात.

सरावासाठी काल्पनिक विद्यार्थ्यांची नावे भरलेली स्वतंत्र चाचणी प्रणाली असणे अत्यावश्यक आहे. खऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवर सराव करताना लिपिकाचा हात कचरतो आणि ते स्वाभाविक आहे, कारण चूक झाली तर दोष प्रणालीचा होता की त्याचा, हे नंतर कोणी पाहत नाही. या सरावात मुद्दाम बिघडविलेल्या नोंदी असाव्यात : आडनाव नसलेला विद्यार्थी, दोनदा नोंदलेली विद्यार्थिनी, मध्येच विषय बदललेला, दुसऱ्या विद्यापीठातून दुसऱ्या वर्षाला आलेला, शुल्क भरूनही थकबाकी दाखविणारा. शिष्यवृत्ती पोर्टलचे उदाहरण येथे विशेष उद्बोधक आहे. संस्थेच्या समन्वय अधिकाऱ्यासमोर त्रुटीसाठी अर्ज परत पाठविणे आणि अर्ज फेटाळणे असे दोन वेगळे पर्याय असतात. परत पाठविलेला अर्ज विद्यार्थी दुरुस्त करून पुन्हा देऊ शकतो. फेटाळलेला सामान्यतः त्या वर्षापुरता संपतो. उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट आहे एवढ्याच कारणावरून चुकीचा पर्याय दाबला गेला तर एका गरीब घरातील मुलीचे वर्षाचे शुल्क बुडते. पडद्यावर या दोन पर्यायांत अंतर असते बोटभर. आणि ज्या अर्जांची मुदतीत छाननीच झाली नाही ते पुढे सरकतच नाहीत, मग विद्यार्थ्याने ते कितीही काळजीपूर्वक भरलेले असोत.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही वापरल्या जातात : प्रशिक्षणार्थींची प्रतिक्रिया, त्यांनी शिकलेले ज्ञान, कामातील बदल आणि संस्थेवरील परिणाम. आपल्याकडे मूल्यमापन पहिल्या पायरीवर थांबते. अभिप्रायाचा छापील कागद भरून घेतला, प्रमाणपत्र दिले, समूह छायाचित्र काढले की कार्यशाळा यशस्वी ठरते. खरे माप कार्यालयातच पडून असते. मागील वर्षी नावदुरुस्तीचे किती अर्ज आले, किती हॉल तिकिटे शेवटच्या दिवशी हाताने दुरुस्त करावी लागली, किती शिष्यवृत्ती अर्ज संस्थेच्या पातळीवर अडकले, आणि प्रशिक्षणानंतरच्या वर्षी हे आकडे कोठे गेले, एवढे मोजले तरी पुरे.

गोपनीयता

कागदी जनरल रजिस्टर कपाटात असे आणि कपाटाची किल्ली हेड क्लार्ककडे. प्रणालीची किल्ली म्हणजे पासवर्ड. अनेक कार्यालयांत तो संगणकाच्या पडद्यालाच चिठ्ठीवर चिकटविलेला असतो किंवा चौघांत मिळून एकच असतो. प्रत्येक बदलाची नोंद प्रणाली वापरकर्त्याच्या नावाने ठेवते. एकच लॉगिन चौघे वापरत असतील तर चूक कोणाची हे शोधणे अशक्य होते आणि ज्याच्या नावावर लॉगिन आहे तो निष्कारण जबाबदार ठरतो. म्हणजे स्वतंत्र पासवर्ड ही आधी लिपिकाच्या स्वतःच्या संरक्षणाची बाब आहे. याच भाषेत ती सांगितली तर पटते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे. बारावी होऊन पहिल्या वर्षात आलेले कित्येक विद्यार्थी प्रवेशाच्या दिवशी सतरा वर्षांचे असतात. त्यांचे दूरध्वनी क्रमांक, जात, धर्म, उत्पन्न, अपंगत्व ही सारी माहिती प्रणालीत असते. एखाद्या खासगी शिकवणीवर्गाने वा संघटनेने मुलांच्या फोन क्रमांकांची यादी मागितली तर ओळखीखातर ती व्हॉट्सॲपवर पाठविण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि ती पाठविणाऱ्याला आपण काही गैर करीत आहोत असे वाटतही नाही. गुणवत्ता यादी सूचनाफलकावर लावताना त्यात आधार क्रमांक छापला जाऊ नये, जातीचा रकाना केवळ आवश्यक तेथेच असावा, वापरून झालेल्या छापील याद्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बोनाफाईडचे मसुदे लिहू नयेत, या गोष्टी प्रशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तिकेत सहसा आढळत नाहीत. त्या तोंडी, खिडकीजवळ उभे राहून, त्याच कागदांचा गठ्ठा दाखवून सांगाव्या लागतात.